अंगणातल्या छोट्या टाक्यात गोल्डफिश पहाटे एकमेकांच्या मागे धावतात. भांडतात का? (जळगाव)
भांडत नाहीत, अंडी घालण्याआधीचा हा पाठलाग आहे. थंडी ओसरून पाणी २० अंशांच्या वर गेलं की, म्हणजे खान्देशात साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये, नर पहाटे मादीच्या पोटाला ढुशा देतात. नर ओळखायचा तो कल्ल्यांच्या झाकणांवरच्या आणि पुढच्या परांवरच्या बारीक पांढऱ्या दाण्यांवरून. असे दाणे अंगभर, शेपटीवरही असतील तर मात्र तो व्हाइट स्पॉट रोग. अंडी चिकट असतात आणि मोठे मासेच ती खाऊन टाकतात. म्हणून नायलॉनच्या दोरीचे उसवलेले झुबके पाण्यात सोडा. अंडी लागली की झुबके त्याच टाक्याचं पाणी भरलेल्या टबात, सावलीत हलवा. २४-२५ अंशांना तीन-चार दिवसांत पिल्लं निघतात. पांढरी पडलेली अंडी काढा, त्यांच्यावरून बुरशी पसरते. मादी दमून कडेला पडली किंवा खवले निघाले तर तिला लगेच वेगळी करा.