तुझी मॅच शेवटी लावली म्हणून चिडू नकोस

बीबीसीचा 'मॅच ऑफ द डे' म्हणजे इंग्लिश प्रीमियर लीगच्या फुटबॉल सामन्यांची क्षणचित्रं एकामागून एक दाखवणारा रात्रीचा कार्यक्रम. त्यात तुझ्या टीमची मॅच शेवटी आली म्हणून बीबीसी पक्षपाती आहे असं ठरवायच्या आधी एकदा स्वतः क्रम लावून बघ. ५ फेब्रुवारी २०११ चा शनिवार घे. न्यूकॅसल मध्यंतराला ०-४ ने मागे, शेवटी आर्सेनलशी ४-४. न्यूकॅसलच्या टिओटेचा बरोबरीचा गोल ८७व्या मिनिटाला. संध्याकाळी वुल्व्ह्जने मँचेस्टर युनायटेडला २-१ हरवलं, युनायटेडची लीगमधली २९ सामन्यांची अपराजित घोडदौड संपली. 'मॅच ऑफ द डे'मध्ये आधी काय दाखवशील? मी न्यूकॅसल लावेन, डोळे झाकून. पण विजेतेपदाच्या शर्यतीसाठी वुल्व्ह्जचा निकाल मोठा, हेही खोटं नाही. आणि या दोघांच्या भांडणात एव्हर्टन ५-३ ब्लॅकपूल, एव्हर्टनच्या साहाचे चार गोल, बिचारी तिसऱ्या नंबरवर जाते! एरवी हीच मॅच पहिली लागली असती.

मोठ्या क्लबांना झुकतं माप मिळतं, ते मी नाकारत नाही. पण सहसा तळाशी जाते ती गोलशून्य बरोबरी, मग क्लब कुठलाही असो. तुझ्या टीमची मॅच शेवटी आली की आधी स्कोअर बघ. ०-० असेल तर गप झोपायला जा. ३-२ असेल तर खुशाल बोंब मार, मीही साथ देईन.