मलेरियाची लस पुण्यात बनते, मग आमच्या पोरीला का नाही?

प्रश्न : डॉक्टर, आम्ही हडपसरला राहतो. मलेरियाची लस सीरम इन्स्टिट्यूटमध्ये बनते म्हणे, म्हणजे अगदी आमच्या घराजवळ. मुलगी दीड वर्षाची आहे, शेजारी बांधकाम चालू, संध्याकाळी सातनंतर दार उघडं ठेवायची सोय नाही. लसीचं विचारलं तर आमचे पीडियाट्रिशियन नुसतं हसले. पैसे भरून तरी मिळेल का?

उत्तर : हसायला नको होतं त्यांनी, प्रश्न रास्त आहे. लस खरंच पुण्यात बनते. आर-२१ तिचं नाव, ऑक्सफर्ड विद्यापीठ आणि सीरमने मिळून केलेली, ऑक्टोबर २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने तिची शिफारस केली आणि जुलै २०२४ मध्ये आयव्हरी कोस्टपासून ती आफ्रिकेत मुलांना द्यायला सुरुवात झाली. आपल्या सरकारी लसीकरणात ती नाही. आणि खरं सांगू का, तुमच्या मुलीला तिची गरजही नाही. २०२३ मध्ये जगात मलेरियाने साधारण ५ लाख ९७ हजार माणसं गेली, त्यातली ९५ टक्के आफ्रिकेतली आणि तिथलेही बहुतेक जीव पाच वर्षांच्या आतले, लस त्यांच्यासाठी केलीये. शिवाय ती मलेरियाच्या जंतूच्या फाल्सिपेरम या एकाच जातीवर चालते, आपल्याकडे व्हायवॅक्स ही दुसरी जातही भरपूर, तिला ती हात लावत नाही.

तुम्ही त्या बांधकामाकडे लक्ष द्या. मलेरियाचा शहरी डास टाक्यांत, पिंपांत, स्लॅबवर साठवलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो, गटारातला नव्हे. भिंतीवर बसला की शेपटीकडची बाजू वर, तिरका बसतो, एकदा बघितला की विसरत नाही माणूस. बिल्डरला आठवड्यातून एकदा पाणी उपसायला लावा, भांडावं लागलं तर भांडा.

प्रश्न : तुम्हीच मागे लिहिलं होतं की अँटिबॉडी कमी झाल्या तरी शरीराची मेमरी राहते. मग मलेरियाच्या लसीचे तीन डोस घेऊन वर चौथा बूस्टर कशाला? आणि अँटिबॉडी टेस्ट केली तर कळेल का मूल सेफ आहे ते? (कोथरूड)

उत्तर : पकडलंत मला. मेमरी राहतेच, पण ती कामाला यायला वेळ लागतो आणि मलेरिया तो वेळ देत नाही.

कावीळ बी (हिपॅटायटिस बी) घ्या. त्याचा विषाणू अंगात शिरल्यापासून आजार दिसेपर्यंत कित्येक आठवडे जातात, तेवढ्यात मेमरीवाल्या पेशी जाग्या होतात, अँटिबॉडी बनवतात, काम भागतं. मलेरियात डास चावला की जेमतेम काही डझन जंतू कातडीत सुटतात, स्पोरोझॉइट म्हणतात त्यांना, आणि ते तासा-दोन तासांत लिव्हरच्या पेशीत जाऊन दडून बसतात, एकदा आत गेले की अँटिबॉडीचा हात तिथे पोचत नाही. मेमरी जागी व्हायला दिवस लागतात, म्हणजे चोर घरात शिरून कडी लावल्यावर पोलीस निघाले! आणि डझनातला एक जरी निसटला तरी आठवडाभरात त्या एकाचे हजारो होऊन रक्तात उतरतात. म्हणून डास चावण्याच्या क्षणालाच रक्तात अँटिबॉडी भरपूर तयार असाव्या लागतात.

त्या धरतात कशाला, तर स्पोरोझॉइटच्या अंगावर एका प्रोटीनचा कोट असतो, त्यात चार अमिनो आम्लांचा तोच तो तुकडा माळेतल्या मण्यांसारखा पुन्हा पुन्हा येतो. लसीत ही माळ घेतलीये आणि गंमत म्हणजे ती बसवलीये कावीळ बी च्या लसीतल्याच प्रोटीनवर. पहिल्या तीन डोसनंतर अँटिबॉडी भरपूर चढतात, मग महिन्यागणिक उतरत जातात, आणि त्या उतरल्या की संरक्षणही उतरतं. वर्षाने बूस्टर दिला की परत वर. म्हणूनच मलेरियाचा सीझन ठरलेला असतो तिथे डोस सीझनच्या तोंडावर दिले तर पहिल्या वर्षात केसेस साधारण ७५ टक्के कमी झाल्या. आधीची आरटीएस,एस लस चार वर्षांच्या हिशोबात ३६ टक्क्यांवर आली होती. आकडा लहान वाटतो, पण जिथे एकेका पोराला वर्षातून दोन-तीनदा मलेरिया होतो तिथे तो लहान नाही.

टेस्टचं म्हणाल तर करू नका. अँटिबॉडी जास्त तर संरक्षण जास्त, हे हजारो मुलांच्या सरासरीत दिसतं, पण एका मुलाच्या रिपोर्टवर बोट ठेवून ‘याच्यावर गेलं की सेफ’ म्हणावं अशी रेघ नाही. लॅबवाले काय, पैसे घेऊन करतील काहीही.

प्रश्न : मी मूळची गडचिरोलीची, लहानपणी दरवर्षी हिवताप व्हायचा. पंधरा वर्षं पुण्यात आहे. दिवाळीत मुलांना घेऊन महिनाभर माहेरी जाणार आहे, अंगात शक्ती मुरलेली असेल ना माझ्या? मुलांनाही थोडी आली असेल?

उत्तर : ताई, होती, आता तिचा भरवसा नाही. पुन्हा पुन्हा मलेरिया झाला की अँटिबॉडी येतात हे खरंच आहे, १९६१ साली गँबियात मोठ्या माणसांच्या रक्तातल्या अँटिबॉडी काढून मलेरिया झालेल्या लहान मुलांना टोचल्या तर त्यांच्या रक्तातले जंतू झपाट्याने कमी झाले होते. पण ही शक्ती जंतू येत राहिला तर टिकते, पंधरा वर्षं कोथरूड-कात्रजला राहून नाही. आईच्या पोटातून बाळाला मिळतात त्याही काही महिन्यांत संपतात, तेव्हा पुण्यात वाढलेली तुमची मुलं या बाबतीत कोरी पाटी.

औषध मारलेली मच्छरदाणी न्या, नाहीतर तिथल्या आरोग्य केंद्रात विचारा, आणि गादीखाली नीट खोचा, पोरं रात्री पाय बाहेर काढतात. ताप आला तर क्रोसिन देऊन दोन दिवस वाट बघायची नाही, त्याच दिवशी आशाताईंकडून बोट टोचून टेस्ट. परत आल्यावर महिन्या-दोन महिन्यांत ताप आला तरी डॉक्टरांना आधी सांगा की गडचिरोलीला जाऊन आलो, नाहीतर पुण्यात सगळे डेंगीच शोधत बसतात. मीसुद्धा एकदा दोन दिवस तेच केलं होतं, मग लॅबवाल्याने बोलावून मायक्रोस्कोपखाली स्लाइड दाखवली, फाल्सिपेरमचा तो चंद्रकोरीसारखा जंतू अगदी स्पष्ट दिसत होता.