आजीच्या वहीतलं, आजच्या गॅसवर

वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

जुन्या घरगुती पदार्थांबद्दल आलेल्या पत्रांत एक तक्रार पुन्हा पुन्हा दिसते: कृती वहीतलीच आहे, पण चव तशी येत नाही. या कृती लिहिणाऱ्या बायकांनी जे रोजचंच म्हणून लिहिलं नाही, तिथेच बहुतेक वेळा घोळ होतो. आच किती, भांडं कोणतं, तांदूळ नवा की जुना, पीठ किती वेळ भिजलेलं, हे वहीत नसतं. या वेळच्या उत्तरांत आम्ही त्यावरच भर दिला आहे.

प्रश्न : आईच्या वहीत शेर, पावशेर, नवटाक, छटाक अशी मापं आहेत आणि काही ठिकाणी चिपटं, मापटं. वाटीत किंवा ग्रॅममध्ये कसं बसवायचं?

आधी दोन प्रकार वेगळे करा. तूप, गूळ, साखर, हिंग, मसाले यांच्यापुढे शेर-छटाक असेल तर ते वजन. ८० तोळ्यांचा शेर धरला तर तो सुमारे ९३३ ग्रॅम. पावशेर २३३ ग्रॅम, नवटाक म्हणजे त्याच्या निम्मं, साधारण ११७ ग्रॅम, छटाक ५८ ग्रॅम आणि तोळा ११.६६ ग्रॅम. रत्तल लिहिलं असेल तर ते ४५४ ग्रॅम. मेट्रिक वजनं १९५८ पासून टप्प्याटप्प्यानं आली, त्यामुळे त्या सुमाराच्या वहीत एका पानावर छटाक आणि पुढच्या पानावर ग्रॅम सापडले तर नवल नाही.

धान्य, डाळ, पीठ यांच्यापुढे चिपटं-मापटं असेल तर ते भरून घ्यायचं माप. दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली. हा मापाचा शेर प्रत्येक भागात वेगळा होता, म्हणून त्याचे ग्रॅम करत बसू नका. कृतीतलं सगळं धान्य मापानं दिलं असेल तर एक चिपटं म्हणजे एक वाटी धरा आणि बाकीचं त्याच प्रमाणात घ्या. अडचण येते ती एकाच कृतीत धान्य मापानं आणि गूळ वजनानं असेल तेव्हा. तिथे गूळ आधी तीन चतुर्थांश घाला, चव पाहा आणि मग वाढवा. जास्त झालेला गूळ काढता येत नाही.

प्रश्न : भाजणीचं थालीपीठ थापताना भेगा पडतात आणि उलटताना तुकडे होतात. भाजणी घरचीच आहे.

भाजणीत चिकटपणा मुळातच कमी असतो. ज्वारी, बाजरी, तांदूळ यांत गव्हासारखा ताण नाही, आणि भाजल्यावर पीठ कोरडंठाक होऊन पाणी सावकाश पितं. भिजवल्या भिजवल्या गोळा मऊ वाटतो, पण आतले कण कोरडेच असतात. तव्यावर गेल्यावर ते उरलंसुरलं पाणी ओढून घेतात आणि थालीपीठ फुटतं.

एक वाटी भाजणीला पाऊण वाटी कोमट पाणी, मीठ, तिखट, हळद, एक चमचा तेल घालून भिजवा आणि पंधरा ते वीस मिनिटं झाकून ठेवा. पाणी कोमटच हवं. कांदा मात्र यात आत्ता घालू नका. मिठामुळे कांद्याला पाणी सुटतं, पीठ सैल पडतं, मग वरून कोरडी भाजणी घातली जाते आणि ती न भिजलेली भाजणी पुन्हा भेगा पाडते. कांदा-कोथिंबीर थापायच्या अगदी आधी मिसळा.

थापण्यासाठी सुती फडकं ओलं करून घट्ट पिळा. गोळा ठेवून पाण्याच्या हातानं मधून कडेकडे थापत जा. मध्ये एक आणि भोवती चार भोकं पाडा. फडकं उचलून तव्यावर उपडं घाला, वरून पाण्याचा हात फिरवा आणि फडकं हळूच सोडवा. भोकांत आणि कडेनं तेल सोडून झाकण ठेवा. लोखंडी तवा, मध्यम ते मंद आच, साधारण चार मिनिटं. कडा तव्यापासून आपोआप सुटल्या की उलटा. त्याआधी उलथनं घातलं तर चांगलं भिजलेलं थालीपीठही तुटेल. दुसऱ्या बाजूला झाकण नको, नाहीतर खमंगपणा जातो.

एवढं करूनही तुटत असेल तर दोष भाजणीच्या प्रमाणात आहे. ज्वारी १ वाटी, बाजरी १ वाटी, तांदूळ १ वाटी, हरभरा डाळ १ वाटी, उडीद डाळ अर्धी वाटी, गहू अर्धी वाटी, धने अर्धी वाटी, जिरे २ चमचे, हे घरोघरी चालत आलेलं प्रमाण आहे. धरून ठेवण्याचं काम यात उडीद करतो. बाजरी वाढवून उडीद कमी केला की भुगा ठरलेला. प्रत्येक धान्य वेगळं भाजायचं, कारण तांदूळ फुलायला लागतो तोवर धने जळून गेलेले असतात. आणि दळून आणताना गिरणीवर आधी काय दळलं ते विचारा. मिरची दळलेल्या जात्यावरची भाजणी आठवडाभर तिखट लागते.

प्रश्न : मेतकूट कडवट झालं. फेकून द्यावं का? आणि त्याच्याबरोबरचा मऊ भात चिकट गोळ्यासारखा होतो.

फेकू नका. कडूपणा जवळजवळ नेहमी मेथ्यांचा असतो, कधी मोहरीचा. मेथ्या फक्त फिकट बदामी व्हायला हव्यात. लालसर झाल्या की सगळं मेतकूट कडू होतं. पंढरपुरी डाळं मिक्सरमधून बारीक करून, चाळून, मेतकुटाच्या निम्म्यानं मिसळा. थोडी सुंठपूड आणि मीठही वाढवा. कडवटपणा पूर्ण जाणार नाही, पण तुपाबरोबर खपून जाईल.

पुढच्या वेळी: हरभरा डाळ १ वाटी, तांदूळ अर्धी वाटी, उडीद डाळ अर्धी वाटी, गहू पाव वाटी, धने २ मोठे चमचे, जिरे १ मोठा चमचा, मेथ्या अर्धा छोटा चमचा, मोहरी अर्धा छोटा चमचा, मिरे ८-१०, सुक्या मिरच्या ३-४, सुंठपूड १ छोटा चमचा, हळद १ छोटा चमचा, हिंग अर्धा छोटा चमचा. डाळी आणि धान्यं मंद आचेवर वेगवेगळी भाजा. मेथ्या, मोहरी आणि जिरे सगळ्यात शेवटी, आच बंद केलेल्या तापल्या कढईत परता, तेवढी उष्णता त्यांना पुरते. सगळं पूर्ण गार झाल्याशिवाय दळू नका. गरम दळून डबा बंद केला की आत घाम धरतो आणि दोन आठवड्यांत कुबट वास येतो.

मऊ भाताला आंबेमोहरासारखा सुवासिक, मऊ शिजणारा तांदूळ घ्या. लांब दाण्याचा बासमती इथे शोभत नाही, दाणे सुटेच राहतात. उघड्या पातेल्यात एक वाटी तांदळाला पाच वाट्या पाणी. नवा तांदूळ असेल तर चार पुरे, कारण नवा तांदूळ कमी पाणी पितो आणि लवकर चिकटतो. तुमचा गोळा होण्याचं कारण बहुधा हेच, किंवा शिजताना सतत ढवळणं. पाण्याला उकळी आल्यावर तांदूळ घाला, मीठ आणि अर्धा चमचा तूप घाला, आच मंद करा आणि दाणा बोटांत चुरडेपर्यंत हात लावू नका. मग पळीच्या पाठीनं चार-पाचदाच घोटा. ताटात वाढल्यावर हळूहळू पसरला पाहिजे. जागेवर उभा राहिला तर अर्धी वाटी उकळतं पाणी घाला. गार पाणी घातलं तर भात आणि पाणी वेगवेगळं दिसतं.

प्रश्न : तांदळाच्या उकडीत गुठळ्या होतात.

पीठ उकळत्या पाण्यात वैरलं की गुठळ्या होणारच. बाहेरचं पीठ लगेच फुगून चिकट पापुद्रा धरतं आणि आतलं कोरडं राहतं, मग कितीही ढवळा. म्हणून पीठ गार ताकातच कालवा: एक वाटी तांदळाचं पीठ, एक वाटी चांगलं आंबट ताक, दोन वाट्या पाणी, मीठ, चिमूटभर साखर. हे मिश्रण दहा मिनिटं राहू द्या.

दोन मोठे चमचे तेलाची फोडणी करा. मोहरी, हिंग, हळद, ठेचलेला लसूण ६-७ पाकळ्या, हिरव्या मिरच्या, आलं, कढीपत्ता. आच मंद करून मिश्रण एका हातानं ओता आणि दुसऱ्या हातानं तळापासून ढवळत राहा. ते घट्ट होऊन कडा सोडायला लागलं की झाकण ठेवून पाच-सहा मिनिटं वाफ द्या. ही वाफ पुष्कळजण टाळतात आणि मग उकड पिठूळ लागते. शिजलेल्या उकडीवर ओलं बोट टेकवलं तर चिकटत नाही, आणि पांढरेपणा जाऊन तिला किंचित काचेसारखी झाक येते. ताक गोडसर असेल तर लिंबू पिळून काम भागत नाही, ताकच आदल्या दिवशीचं हवं. वाढताना वर कच्चं शेंगदाणा तेल घ्या. फोडणीत ते आधीच घातलंय म्हणून वगळू नका, उकडीची अर्धी चव त्या कच्च्या तेलातच असते.

प्रश्न : हुलग्याचे शेंगोळे उकळताना फुटून रस्सा पिठल्यासारखा होतो.

हुलगा म्हणजेच कुळीथ, त्यालाही पीठ धरून ठेवणारा ताण नाही. दोन वाट्या हुलग्याच्या पिठात अर्धी वाटी कणीक मिसळा. लसूण-जिऱ्याचं वाटण, तिखट, हळद, मीठ आणि एक चमचा तेल घालून पुरीच्या पिठापेक्षाही घट्ट मळा. झाकून दहा मिनिटं. तळव्यांत किंवा पोळपाटावर पेन्सिलीएवढ्या जाडीचे वळा आणि टोकं दाबून कडं करा. जाड वळले तर आत कच्चे राहतात.

फोडणी देऊन सहा वाट्या पाणी घ्या, ते खळखळून उकळू द्या आणि थोडे थोडे शेंगोळे सोडा, म्हणजे उकळी मोडणार नाही. कोमट पाण्यात सोडलेले शेंगोळे वरून विरघळतात, तुमच्याकडे हेच होत असावं. पहिली चार मिनिटं पळी घालू नका. मग अलगद हलवून मध्यम आचेवर पंधरा ते वीस मिनिटं शिजवा. रस्सा पातळ वाटला तर शेवटी एक चमचा हुलग्याचं पीठ पाण्यात कालवून लावा.

प्रश्न : चिंचगुळाच्या आमटीत डाळ बोटचेपी राहते.

चिंच लवकर पडते. आंबटामुळे डाळीचा दाणा घट्ट राहतो. तूरडाळ तासभर भिजवा, हिंग, हळद आणि चमचाभर तेल घालून पूर्ण मऊ शिजवा, घोटा आणि मगच चिंच, गूळ, मीठ, गोडा मसाला घाला. आमसुलांनाही हाच नियम. पाणी जड असेल तर कमी क्षारांचं पाणी वापरून पाहा, फरक पडतो.

प्रश्न : रात्रीचा उरलेला भात सकाळी फोडणीला घालतो. ओट्यावर झाकून ठेवलेला चालतो का?

उन्हाळ्यात तर अजिबात नको. भात शिजूनही काही जिवाणूंचे बीजाणू टिकतात, उबदार भातात वाढतात आणि त्यांतल्या काहींचं विष फोडणी दिल्यावरही जात नाही. पोट बिघडतं ते यामुळे. जेवण झालं की भात परातीत पसरून गार करा आणि तासाभरात फ्रिजमध्ये ठेवा. चवीलाही हेच बरं: थंड भाताचा दाणा कडक होतो आणि फोडणीत मोकळा राहतो. परतण्याआधी दह्याचा किंवा पाण्याचा हात लावून गोळे फोडून घ्या.

प्रश्न : माळ्यावर पितळी पातेलं सापडलं. वरण-भात त्यात शिजवला तर जुनी चव येईल असं घरातले म्हणतात. वापरावं का?

वापरा, पण कल्हई करूनच. आतून पिवळं दिसणारं पितळ आंबटाशी भिडलं की तांबं-जस्त अन्नात उतरतं, पदार्थ कळकतो, हिरवट झाक आणि मळमळणारी चव येते. असं अन्न खाऊ नये.

कल्हई म्हणजे भांडं तापवून, नवसागरानं साफ करून, त्यावर फिरवलेला कथलाचा, म्हणजे टिन या धातूचा, पातळ थर. कथलात शिसं मिसळलेलं असणं धोक्याचं, म्हणून काम माहितीतल्या कल्हईवाल्याकडूनच करून घ्या. कथील २३२ अंश सेल्सिअसला वितळतं. त्यामुळे असं पातेलं गॅसवर कोरडं ठेवून तापवायचं नाही. आत पाणी किंवा तूप-तांदूळ गेल्यावरच आच लावा, आणि मोठी ज्योत पातेल्याच्या कडेनं वर येऊ देऊ नका. फोडणी यात करू नका. ती लोखंडी पळीत करून वरून ओता. लाकडी पळी वापरा, तारेच्या घासणीनं आतून घासू नका, चिंच-राख फक्त बाहेरून. दही, ताक, आमटी, सार या पातेल्यात ठेवून देऊ नका. शिजलं की दुसऱ्या भांड्यात काढा.

रोजच्या वापरात काही महिन्यांनी तळाला पिवळे ठिपके दिसू लागतात. पहिला ठिपका दिसला की पातेलं बाजूला ठेवा आणि पुन्हा कल्हई करून घ्या. चवीचं म्हणाल तर पितळेपेक्षा त्याची जाडी जास्त उपयोगी पडते: आच सगळीकडे सारखी पसरते आणि वरण सावकाश आटतं. जाड बुडाच्या स्टीलच्या पातेल्यात, मंद आचेवर अर्धा तास उकळलेलं वरणही त्याच्या फार जवळ जातं.