पतसंस्थेत सॉफ्टवेअर येऊन आठ महिने झाले, तरी कर्मचारी वही सोडत नाहीत. काय करावं?

आधी एवढं बघा: संध्याकाळी सहीला चेअरमनांपुढे काय जातं? हाताने लिहिलेली किर्द (रोजच्या व्यवहारांची वही) जात असेल, तर लिपिक ती लिहिणारच. त्यांना प्रशिक्षण देऊन काही होणार नाही.

एका ग्रामीण पतसंस्थेत दोन वर्षं वही आणि संगणक दोन्ही चालू होते. कारण निघालं खतावणीच्या, म्हणजे खातेवार नोंदींच्या वहीच्या, समासात. पेन्सिलीने लिहिलेलं: ‘जामीनदार मुंबईला’, ‘अंगठा, ओळख पटवून देणे’, ‘पावती हरवली, बंधपत्र घेतले’. सॉफ्टवेअरमध्ये नाव, खाते क्रमांक आणि शिल्लक एवढंच भरलेलं. पैसे देण्याआधी रोखपाल वही उघडायचा, आणि उघडलीच आहे म्हणून नोंदही तिथेच करायचा. शेवटी पानन् पान वाचून हे सगळे शेरे खात्यावर चढवले, जिथे रक्कम अडवायची तिथे खातं लॉक केलं. मग वही उघडायचं कामच उरलं नाही.

दुसरं, तेरीज, म्हणजे सगळ्या खात्यांच्या शिल्लकांचा ताळा. ३१ मार्चच्या वैयक्तिक खात्यांच्या याद्यांची बेरीज जनरल लेजरशी (संस्थेच्या मुख्य खतावणीशी) खातेनिहाय जुळलीच पाहिजे. जुना फरक सस्पेन्सला (न जुळलेल्या रकमांच्या तात्पुरत्या खात्याला) टाकून पुढे गेलात, तर संगणकावरच्या शिल्लकेवर कोणी विश्वास ठेवणार नाही, आणि ते बरोबरच आहे. प्रत्येक कर्जप्रकारातली दहा खाती घेऊन व्याज हाताने काढा; फरक बहुतेक वेळा दिवस मोजण्यात किंवा चुकीच्या तारखेपासून लावलेल्या दरात सापडतो.

‘दोन्ही असू द्या, सुरक्षित असतं’ असं म्हणणारा एक तरी संचालक प्रत्येक संस्थेत असतो. हे साफ चूक आहे. लिपिक आधी वही पुरी करतो, संगणकात रात्री किंवा दुसऱ्या दिवशी भरतो. म्हणजे दुपारी गल्ल्यातली रोख आणि पडद्यावरची रोख कधीच जुळत नाही, मागच्या तारखेचा दिवस पुन्हा उघडावा लागतो, आणि अफरातफर नेमकी याच फटीत लपते. समांतर काम तीन महिने पुरे, त्यात एक तिमाही व्याज आकारणी येऊ द्या. शेवटची तारीख संचालक मंडळाच्या ठरावात लिहा. त्या दिवसापासून क्रम एकच: व्हाउचर, काउंटरवरच नोंद, संगणकाची पावती, नोटानिहाय रोख मोजणी, दिवसअखेर, छापील किर्दीवर सही. जुन्या वह्या कपाटात, किल्ली व्यवस्थापकाकडे. ‘कायद्याला वहीच लागते’ हेही खरं नाही. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० च्या कलम ४ ने इलेक्ट्रॉनिक नोंदींना मान्यता दिली आहे.

हे सगळं किर्द-खतावणीपुरतं. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम ३८ चं सभासद रजिस्टर आणि प्रोसिडिंग बुक (सभांचं इतिवृत्त) याच झटक्यात बंद करू नका, आधी लेखापरीक्षकांना विचारा. आणि वीज गेल्यावर वापरायला अनुक्रमांक छापलेलं एक पावतीपुस्तक ठेवा. त्यातली प्रत्येक पावती दिवसअखेरीच्या आधी संगणकात गेली पाहिजे.