दिवा लागला की परवाना लागतो

वाचकांचे प्रश्न : या वेळी दुकानांच्या पाट्या. उत्तरे देत आहेत एका महापालिकेच्या आकाशचिन्ह व परवाना विभागातून निवृत्त झालेले निरीक्षक.

प्रश्न : सांगली-मिरज रस्त्यावर चौकातच माझे औषधांचे दुकान आहे. सिग्नलचा खांब दारापासून आठ पावलांवर. वीस वर्षे रंगवलेली साधी पाटी होती, कुणी काही विचारले नाही. दिवाळीत लुकलुकणारे हिरवे अधिकचिन्ह लावले आणि शटरच्या वर पळत्या अक्षरांची पट्टी बसवली. आता परवानगी दाखवा म्हणून नोटीस आली आहे. गाळा माझा, भिंत माझी, धंदाही माझाच. मग परवानगी कसली?

उत्तर : नोकरीत असताना हा प्रश्न मी शेकडो वेळा ऐकला आहे, आणि विचारणाऱ्याचा राग मला कधीच खोटा वाटला नाही. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम १९४९ मधले कलम २४४ आकाशचिन्हांचे, म्हणजे गच्चीवर सांगाड्यावर उभ्या, आकाशाच्या पार्श्वभूमीवर दिसणाऱ्या पाट्यांचे, आणि २४५ जाहिरातींचे. जाहिरात लावायची तर आयुक्तांची लेखी परवानगी हवी, हा मूळ नियम. आपल्याच जागेवर आपल्याच धंद्याची पाटी लावणाऱ्याला त्यातून सूट आहे, पण ती पाटी प्रकाशित नसेल आणि आकाशचिन्हही नसेल तरच. तुमच्या रंगवलेल्या पाटीला वीस वर्षे कुणी हटकले नाही ते या सवलतीमुळे. पाटीत दिवा लागला आणि सवलत गेली. भिंत तुमचीच आहे, पण उजेड भिंतीवर थांबत नाही, तो रस्त्यावर उतरतो. कायद्याने इथेच रेघ ओढली आहे आणि मला ती योग्य वाटते.

तेव्हा नोटिशीला घाबरू नका, दुर्लक्षही करू नका. पाटीचे माप, जमिनीपासूनची उंची, भिंतीबाहेर किती येते ते आणि समोरून काढलेला फोटो जोडून परवाना विभागात अर्ज द्या. पोच घ्या. आकाशचिन्हे आणि जाहिरातींसाठी राज्याचे स्वतंत्र नियम २०२२ मध्ये आले आहेत. शुल्क आणि मुदत त्यानुसार विचारून घ्या.

आता खरी अडचण. परवानगी मागितली तरी तुमचे हिरवे चिन्ह आहे त्या जागी राहील असे मला वाटत नाही. मुंबई वगळता राज्यातल्या बहुतेक शहरांना २०२० ची एकत्रित विकास नियंत्रण नियमावली लागू आहे, आणि पाट्यांसाठी ती राष्ट्रीय बांधकाम संहितेच्या दहाव्या भागाकडे जायला सांगते. लाल, पिवळ्या किंवा हिरव्या दिव्याची पाटी वाहतुकीच्या दिव्यापासून १० मीटरच्या आत नको, असे ही संहिता म्हणते. तुमची आठ पावले म्हणजे जेमतेम सहा मीटर.

हा आकडा कागदावर कोरडा वाटतो, म्हणून एक प्रसंग सांगतो. एका औषध दुकानाविरुद्ध असाच तक्रारअर्ज आला होता. दुकानदार सज्जन होता, रात्री-अपरात्री औषध द्यायला उठणारा. मी दिवसा जाऊन पाहिले तर गैर काहीच दिसेना. मग जुलैत एका संध्याकाळी पावसात स्कूटर घेऊन गेलो आणि थांबरेषेवर उभा राहिलो. चष्म्यावर पाणी, समोर सगळे ओघळलेले. सिग्नल लाल होता, पण त्याच्या शेजारीच ते हिरवे चिन्ह उघडझाप करत होते, आणि माझा हात आपोआप ॲक्सिलरेटर पिळायला निघाला. मी नियम ठाऊक असलेला माणूस, तपासणीसाठीच तिथे आलेला! दुसऱ्या दिवशी त्या दुकानदारालाच माझ्या स्कूटरवर मागे बसवून तिथे नेले. त्याने त्याच आठवड्यात चिन्ह उतरवून दुकानाच्या दुसऱ्या बाजूला, गल्लीकडे लावले. नोटीस काढावी लागली नाही.

तुम्हीही पावसाळ्यात एकदा थांबरेषेवर उभे राहून आपली पाटी बघा.

लुकलुकण्याचाही नियम आहे. मिनिटाला ३० पेक्षा जास्त वेळा उघडझाप करणारी पाटी लावायची, तर तिचा खालचा काठ जमिनीपासून किमान ९ मीटर उंच हवा. म्हणजे जवळपास तिसरा मजला. घड्याळ हातात घेऊन तुमचे चिन्ह मोजा. सेकंदाला एकदा झाले तरी मिनिटाला ६० भरतात. स्थिर ठेवले तर हा प्रश्न मिटतो, आणि रात्री औषध शोधणाऱ्याला स्थिर चिन्हही तितकेच दिसते. मात्र हिरव्याऐवजी पांढऱ्यावर लाल करू नका. ते रेडक्रॉसचे चिन्ह आहे आणि जिनिव्हा करार अधिनियम १९६० नुसार दुकानांना ते वापरता येत नाही.

पळत्या अक्षरांच्या पट्टीबद्दल. तुम्ही पाठवलेल्या फोटोवरून ती पी-१० जातीची दिसते : ३२ सेंटिमीटर लांब, १६ सेंटिमीटर उंच असे तुकडे जोडून केलेली. तुमच्या पट्टीत सहा तुकडे आडवे आणि दोन उभे, म्हणजे सव्वासहा फूट बाय एक फूट. माप अवाजवी नाही. मजकूर मात्र लांब आहे. ‘सर्व प्रकारची औषधे सवलतीत’ पासून ‘घरपोच सेवा’ पर्यंत वाक्य सरकायला सात-आठ सेकंद लागत असणार. ताशी ५० किलोमीटरने जाणारी गाडी सेकंदाला जवळपास १४ मीटर जाते. तुमची ओळ पुरी वाचणारा चालक शंभर मीटर रस्ता न बघता गेला. दोन-तीन शब्द न सरकता ठेवा. बसवणाऱ्याला सांगून वेळेनुसार प्रकाश कमी होण्याची सोय चालू करून घ्या. ती बहुतेक कंट्रोल कार्डांत असते, मोबाइलवरून लावता येते, पण बसवणारे पूर्ण तेजावर सोडून जातात. दुपारच्या उन्हात लागणारा उजेड रात्री दहाला डोळे दिपवतो.

आणि त्या पट्टीवर एखाद्या टॉनिक कंपनीची जाहिरात पैसे घेऊन फिरवत असाल, तर आधी ती काढा. मग ती तुमच्या दुकानाची पाटी राहत नाही, दुसऱ्याची जाहिरात होते आणि हिशेबच बदलतो.

प्रश्न : मी ठाण्यात दुसऱ्या मजल्यावर राहते. समोरच्या कपड्यांच्या दुकानाचा एलईडी पडदा रात्रभर चालू असतो. सासूबाईंची खोली नेमकी त्या बाजूला. जाड पडदे लावूनही भिंतीवर रंग नाचतात. दुकानाकडे परवानगी आहे, म्हणून तक्रार चालणार नाही असे सोसायटीचे सचिव म्हणतात.

उत्तर : ताई, तक्रार चालते. शेजारच्या रहिवाशांना त्रास होईल इतका प्रखर उजेड असलेली पाटी परवानगी मिळालेली असली तरी बदलायला किंवा काढायला सांगता येते, असे संहितेत स्पष्ट आहे. मध्यरात्र ते सूर्योदय विजेची पाटी चालू ठेवू नये हेही त्यातच आहे. सार्वजनिक सोय, आरोग्य आणि सुरक्षिततेसाठी गरजेच्या पाट्या तेवढ्या वगळल्या आहेत. कपड्यांचे दुकान त्यात बसत नाही.

मी अशा घरांत जाऊन बसलो आहे. एका आजींच्या खाटेवर बसून पाहिले तेव्हा त्यांच्या पांढऱ्या चादरीवर दर चार सेकंदांनी तांबडा उजेड पडत होता. खाली रस्त्यावरून हे कधीच कळले नसते. म्हणून अर्जात रस्त्यावरचा फोटो देऊ नका, सासूबाईंच्या उशीवरून काढलेला द्या. घरातला दिवा बंद, वेळ नोंदलेली, सलग सात रात्री. प्रभाग समितीच्या कार्यालयात अर्ज द्या आणि निरीक्षकाला रात्री बारानंतर वर येऊन बघायची विनंती लेखी करा. त्याआधी एकदा दुकानमालकांना घरी चहाला बोलवा, संध्याकाळी सातनंतर.

प्रश्न : नाशिकला आमच्या दोन मजली इमारतीच्या गच्चीवर लोखंडी सांगाडा उभारून वीस फुटी एलईडी पाटी लावायची आहे. फॅब्रिकेटर म्हणतो, लोखंड भरपूर घालू, काळजी नको.

उत्तर : काळजी हवी. गच्चीवर सांगाड्यावर उभी, आकाशाच्या पार्श्वभूमीवर दिसणारी पाटी म्हणजेच आकाशचिन्ह. स्वतःच्या धंद्याची असली तरी परवानगीशिवाय नाही, आणि संरचना अभियंत्याचे स्थैर्य प्रमाणपत्र फॅब्रिकेटरच्या शब्दावर मिळत नाही. पाटी वजनाने पडते त्याहून जास्त वाऱ्याने पडते, कारण ती शिडासारखी वारा धरते. लोखंड वाढवले आणि खालची गच्ची जुनीच राहिली तर धोका उलट वाढतो.

१३ मे २०२४ ला घाटकोपरच्या छेडानगरमध्ये वादळी वाऱ्यात १२० फूट बाय १२० फुटांचा फलक पेट्रोल पंपावर कोसळला, १७ माणसे गेली. मुंबईत मर्यादा ४० बाय ४० ची होती. पुण्यात जुन्या बाजाराजवळच्या चौकात ५ ऑक्टोबर २०१८ ला तर वारा नव्हता. सांगाडा काढण्याचे काम चालू असतानाच तो सिग्नलला थांबलेल्या वाहनांवर पडला, चार जण दगावले. तेव्हा पाटी पुढे उतरवणार कशी, हेही अभियंत्याला आजच विचारा. माझे मत विचाराल तर गच्ची सोडा, पहिल्या मजल्याच्या भिंतीला सपाट पाटी लावा.

प्रश्न : एलईडी पाटीवर दुकानाचे नाव आधी इंग्रजीत, मग मराठीत आळीपाळीने दाखवले तर चालेल का? (एक वाचक, पुणे)

उत्तर : तसे करू नका. दुकाने व आस्थापना कायद्यातल्या २०२२ च्या दुरुस्तीनंतर कामगार कितीही असोत, प्रत्येक दुकानाचा नामफलक देवनागरी मराठीत हवा आणि त्याचे अक्षर इतर भाषांच्या अक्षराहून लहान नको. सर्वोच्च न्यायालयाने २५ सप्टेंबर २०२३ ला दुकानदारांना त्यासाठी दोन महिने दिले होते, ती मुदत केव्हाच उलटली. नावाची पाटी स्थिर आणि मराठीत ठेवा. आळीपाळीने जे दाखवायचे ते खालच्या पट्टीवर दाखवा, आणि त्या पट्टीची परवानगी वर सांगितल्याप्रमाणे घ्या.