एल्बो: हाताचा आणि पाइपाचा

प्रश्न: संत्र्याच्या बागेत पाइपलाइन वळवायला आम्ही ‘एल्बो’ आणतो. मुलाच्या इंग्रजी पुस्तकात एल्बो म्हणजे कोपर. यातला आधीचा अर्थ कोणता?
– एक वाचक, वरुड तालुका

उत्तर: कोपराचाच. जुन्या इंग्रजीत हा शब्द ‘एल्नबोगा’ असा होता. ‘एल्न’ म्हणजे कोपरापासून पुढचा हात आणि त्यावरून ठरलेलं माप; ‘बोगा’ म्हणजे बाक. धनुष्याला ‘बो’ म्हणतात तेही यातूनच. कोपरापासून करंगळीच्या बाजूने जाणाऱ्या हाडाचं ‘अल्ना’ हे लॅटिन नावही ‘एल्न’च्याच कुळातलं.

विहिरीची खोली आपण हातांत सांगतो, तो हात साधारण 18 इंचांचा. ‘एल्न’चंच पुढचं रूप म्हणजे कापड मोजायचा इंग्लिश ‘एल’; तो मात्र पुढे 45 इंचांवर गेला, तर फ्लेमिश (आजच्या उत्तर बेल्जियमकडचा) एल 27 वर राहिला. जुन्या नोंदी वाचताना एल कुठला, हे आधी पाहावं.

पाइपाच्या जोडाला हे नाव आकारावरून पडलं. दुकानात नुसतं ‘एल्बो’ म्हटलं की बहुधा 90 अंशांचाच हाती येतो. त्या काटकोनात पाण्याचा दाब जास्त खर्ची पडतो. बाग मोटरीपासून लांब असेल, तर 45 अंशांचे दोन घ्या आणि मध्ये पाइपाचा छोटा तुकडा ठेवून जोडा.