गाव विचार, साल विचार

प्रिय बाळ,

तुझी मेल वाचली. लॅटिनोंवरच्या, म्हणजे अमेरिकेतल्या लॅटिन अमेरिकी मुळांच्या लोकांवरच्या कोर्समध्ये वर्गातल्या मुलीला तू 'मेक्सिकन' म्हणालास, ती 'मी चिकाना' (मेक्सिकन मुळांची अमेरिकन) म्हणून तडकली आणि आता तू कोर्सच सोडायला निघालास. शिवाय शब्द स्त्री-पुरुष सगळ्यांना चालावा म्हणून लॅटिनोच्या शेवटी एक्स लावायचा की नाही, यावर तीन परिच्छेद! अरे, जिचं तिला विचार, संपलं.

खरं विचारायचं ते वेगळंच. गाव कुठलं, साल कुठलं? सगळ्यांना एका रकान्यात कोंबलं की काहीच हाती लागत नाही. अमेरिका-मेक्सिको युद्धानंतर १८४८ च्या तहात मेक्सिकोचा जवळजवळ निम्मा मुलूख अमेरिकेकडे गेला. तिथली माणसं जागची हललीसुद्धा नव्हती. पोर्तो रिकोचे लोक १९१७ पासून अमेरिकेचे नागरिक. एल साल्वादोरची कितीतरी कुटुंबं १९८० नंतर यादवीतून जीव वाचवून आली.

त्या मुलीचे आजोबा कॅलिफोर्नियात सलिनासला लेट्यूसच्या शेतात होते, असं तूच लिहिलंस आणि पुढे निघून गेलास. थांबायचं होतंस ना तिथे! त्या शेतांत मजुरांना फूटभर दांड्याची कुदळी द्यायचे. लांब दांड्याची मिळत नव्हती असं नाही. पण आखूड दांड्याने माणूस दिवसभर कमरेत वाकलेला राहतो आणि कोणी जरा पाठ सरळ केली की मुकादमाला लांबूनही दिसतं. पाठी कायमच्या गेल्या लोकांच्या. कॅलिफोर्नियात त्या कुदळीवर बंदी आली १९७५ मध्ये. आजोबा त्याआधी राबले की नंतर? साल विचार म्हणतो ते यासाठी.

सनावळीला पोरं कंटाळतात, असं सहकारी मला ऐकवायचे. कंटाळू देत. नुसती 'अस्मिता' शिकलेली पोरं बोलतात छान, पण कॅलिफोर्नियातल्या डिलानोचा द्राक्षसंप, म्हणजे द्राक्षमळ्यांतल्या मजुरांचा संप, आधी फिलिपिनो मजुरांनी, लॅरी इटलिआँगच्या पुढारीपणाखाली सुरू केला, हे त्यांना ठाऊक नसतं. मी हट्टी आहे, आणि या बाबतीत राहणार.

तो संप सप्टेंबर १९६५ चा. पुढच्याच महिन्यात राष्ट्राध्यक्ष जॉन्सननी सही केलेल्या स्थलांतराच्या कायद्याने आपल्या डॉक्टर-इंजिनिअरांना दार उघडलं. त्याच कायद्याने मेक्सिकोसकट अख्ख्या पश्चिम गोलार्धातून येणाऱ्यांवर पहिल्यांदा संख्येची मर्यादा घातली. तेव्हा 'माझा काय संबंध?' हे तुझं वाक्य आधी खोड.

कोर्स सोडायचा नाही. सोमवारी तिला आजोबांचं गाव विचार. त्याआधी स्वतःचं सांग. बाबा कुठल्या साली, कुठल्या व्हिसावर आले तेही. माहीत नसेल तर आज रात्री घरी फोन कर.

तुझा,
काका